दोनशे चौदा कोटींचा आकडा

लातूर जिल्हा झाला त्या सुमाराची गोष्ट. पाऊस लागोपाठ दगा देत होता आणि गावात मात्र रोज कुठे ना कुठे नव्या कचेरीची पाटी चढत होती. कालपर्यंत ज्या गोदामात तुरीची पोती होती, तिथं आज टेबलखुर्च्या आणि शिपाई. साहेबलोक, कारकून, सगळे बदलून येत होते आणि खोल्या शोधत गल्लोगल्ली फिरत होते. भाडी चढली. नळाला पाणी यायचं बंद होऊन टँकर सुरू झाले होते, तरी माणसं येतच होती.

आम्ही डाळमिलच्या मागच्या गल्लीत राहायचो. दोन खोल्या, पुढे फरशीचं अंगण, अंगणाच्या पलीकडे घरमालकांची एक रिकामी खोली. हे कॉलेजात गणित शिकवायचे. मी उदगीरची. वडिलांचं आडतीचं दुकान, घरात आम्ही पाच बहिणी. दहावीला गणितात मला वर्गातल्या सगळ्या पोरांपेक्षा जास्त गुण होते, पण पुढे आर्ट्सलाच घातलं, आणि बारावी झाली तसं लग्न. लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं.

हे स्वभावानं वाईट नव्हते. आवाज चढवायचे नाहीत, जेवणाला नावं ठेवायचे नाहीत. पण बोलायचेच नाहीत. संध्याकाळी आले की चहा, मग पुस्तक. मी दिवसभराचं काहीबाही सांगायची, ते "हं" म्हणायचे. मला वाटायचं, शिकलेला माणूस असाच असतो. तो कुणाशीच बोलत नसेल.

मग नांदेडच्या मॅडम आल्या.

कॉलेजात गणिताची एक तात्पुरती जागा निघाली होती, त्यावर त्यांची नेमणूक झाली. गावात खोली मिळेना म्हणून ह्यांनीच घरमालकांना सांगून पलीकडची खोली त्यांना मिळवून दिली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. सावळ्या, उंच, चष्मा. लग्न झालेलं नव्हतं आणि त्याची त्यांना काही घाईही दिसत नव्हती. एक ट्रंक, एक स्टोव्ह, एक घागर आणि पुस्तकांचं एक पोतं घेऊन एसटीनं एकट्याच आल्या. पहिल्याच दिवशी माझ्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "वहिनी, पाण्याचा नंबर कधी असतो हो इथं? मी एक घागर तेवढी घेऊन आले."

मला त्या आवडल्या. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं त्यामुळंच अवघड झालं.

झालं काय, कॉलेजात एका मुलानं वर्गात ह्यांना विचारलं की पुस्तकात अमुक एक मोठी संख्या मूळ आहे असं लिहिलंय, ते कशावरून? मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही ती. हे म्हणाले, तपासलेलं आहे. त्या मुलानं विचारलं, कसं? ह्यांना सांगता येईना. स्टाफरूममध्ये हे बोलले, आणि मॅडम म्हणाल्या, "सर, दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी हातानं तपासलंच ना? चला, आपणही बघू."

त्या संध्याकाळपासून अंगणात सतरंजी पडायला लागली.

हे सतरंजीच्या एका टोकाला, मॅडम दुसऱ्या टोकाला, मधे कागद. आणि माझा नवरा बोलत होता. नुसता बोलत नव्हता, हात हलवून बोलत होता, मधेच उठून फेऱ्या मारत होता. "नाही नाही, असं नाही, थांबा," असं म्हणत होता. एकदा तर हे मोठ्यानं हसले. मी आत भाकरी थापत होते, तशीच थांबले. लग्न झाल्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता.

"अगं, मॅडमना पण चहा टाक," असं बाहेरून यायचं. मी टाकायची. टँकरच्या रांगेत सकाळ घालवून आणलेलं पाणी, त्यातलं मोजून घ्यायचं, उकळायचं, आणि बाहेर नेऊन ठेवायचं. कप ठेवताना दोघांपैकी कुणी वर बघायचं नाही. मी क्षणभर उभी राहायची. कागदावर तोच आकडा पुन्हा पुन्हा लिहिलेला असायचा, २१४७४८३६४७. दोनशे चौदा कोटी, चौऱ्याहत्तर लाख, त्र्याऐंशी हजार, सहाशे सत्तेचाळीस. मला तो पाठ झाला. दळण निवडताना तो डोक्यात फिरायचा. एखाद्या बाईचं नाव फिरावं तसा.

घरमालकीण काकू एक दिवस कुंपणापाशी थांबून म्हणाल्या, "लक्ष ठेव गं जरा. शिकलेल्या बाया लई गोड बोलतेत."

"ते आकड्यांचं बोलतात, काकू."

"आकडे कुठवर बोलतील?" असं म्हणून त्या गेल्या.

उदगीरहून अव्वा, माझी आई, आली, हरभऱ्याची डाळ आणि कडक भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन. तिनं एक संध्याकाळ दारात बसून दोघांना नीट न्याहाळलं. मग आत येऊन मला म्हणाली, "काय बोलायलेत गं ते?"

"एका आकड्याला भाग जातो का, ते बघतात."

"मग? जातो का?"

"अजून कळलं नाही."

"तेवढंच ना? मग काय न्हाई त्यात. झोप तू." अव्वाची काळजी मिटली. माझी नाही मिटली. त्यांच्यात तसलं काही नाही, हे मला अव्वाच्याही आधी दिसत होतं. तसलं असतं तर भांडता आलं असतं. माझ्या नवऱ्याच्या आत एवढं बोलणं होतं आणि ते माझ्या वाट्याला आलंच नव्हतं, ह्यावर कुणाशी भांडायचं?

एकदा मी धीर करून विचारलं, "अहो, त्या आकड्यात एवढं काय आहे?"

ते पुस्तकातून डोकं न काढता म्हणाले, "तुला नाही कळायचं ते."

रागानं म्हणाले नाहीत. पाऊस नाही यायचा असं म्हणावं, तसं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं खाली काढली, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर तो आकडा लिहिला आणि भागायला बसले. तीननं जात नव्हता, सातनं जात नव्हता, अकरा, तेरा, सतरा, एकोणीस. पाढे माझे वडिलांच्या दुकानात बसून पक्के झालेले होते, हात चालायचा. टँकरची वाट बघत घागरीशेजारी बसून भागायची. कुठे पोचायचं ते माहीत नव्हतं. मनात एकच होतं, की एखाद्या आकड्यानं भाग जावा आणि तो मला सापडावा, आणि मी चहाच्या कपाबरोबर तो सतरंजीवर ठेवावा.

मॅडमनी मला त्यात पकडलं. शनिवारी त्या लवकर आल्या होत्या, घागर घेऊन रांगेत माझ्या मागे उभ्या राहिल्या. मी पान दुमडायच्या आत त्यांनी वाकून बघितलं.

"वहिनी! हे तुम्ही करून राहिल्या?"

मी पान मुठीत धरलं. आता त्या हसणार, असं वाटलं.

"कितीपर्यंत गेल्या?"

"त्र्याहत्तर."

"अहो, पण हे सगळे फुकट गेले ना. ह्यांतल्या एकाही आकड्यानं भाग जाऊच शकत नाही. सरांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

"मला नाही कळायचं ते," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. टँकर आला, घागरी भरल्या, घरी आलो. त्यांनी घागर उंबऱ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "रांगोळी आहे का?"

अंगणात सडा घालणं आम्ही केव्हाच बंद केलं होतं, फरशी कोरडी ठणठणीत होती. मॅडम पदर खोचून खाली बसल्या.

"तुमचा आकडा कसा झाला माहितीय? एक घ्यायचा, त्याची दुप्पट दोन, दोनाची चार, चाराची आठ. अशी एकतीस वेळा दुप्पट करायची आणि शेवटी एक वजा. बस. आता त्याचा एक धाकटा भाऊ बघू. अकरा वेळा दुप्पट करा."

मी बोटांवर केलं. "दोन हजार अठ्ठेचाळीस."

"एक वजा. दोन हजार सत्तेचाळीस. ह्याला तेवीसनं भाग जातो, तेवीस गुणिले एकोणनव्वद. आता फरशीवर एक लिहा. दुप्पट करत चला. तेवीसच्या वर गेलं की तेवीस काढून टाका."

मी रांगोळीनं लिहीत गेले. एक, दोन, चार, आठ, सोळा. सोळाची दुप्पट बत्तीस, त्यातून तेवीस गेले, नऊ. मग अठरा. मग तेरा, तीन, सहा, बारा. बाराची दुप्पट चोवीस, तेवीस गेले, एक.

"परत एकावर आलं," मी म्हटलं.

"किती आकडे झाले?"

"अकरा."

त्यांनी सगळ्या आकड्यांभोवती गोल काढला. "हा अकराचा फेर. तेवीसनं भाग जातो म्हणूनच अकरा दुपटींनी परत एकावर आलं. आता तेवीसच्या खालचे सगळे आकडे ह्यात आले का?"

मी बघितलं. पाच नव्हता. सात नव्हता. मॅडम पुढे बोलणार होत्या, पण माझ्या हातात रांगोळी होती. मी बाजूला पाच लिहिला आणि त्याची दुप्पट करायला लागले. दहा, वीस, सतरा, अकरा, बावीस, एकवीस, एकोणीस, पंधरा, सात, चौदा. चौदाची दुप्पट अठ्ठावीस, तेवीस गेले, पाच.

दुसरा फेर मिटला. त्यातही अकराच आकडे.

मी दोन्ही फेरांकडे बघत बसले. तेवीसच्या खालचे बावीस आकडे, सगळे कुठल्या ना कुठल्या फेरात, कुणी बाहेर राहिलेलं नाही आणि कुणी दोन्हीत नाही. "म्हणजे बावीसचे सारखे भाग पडायलाच पाहिजेत, अकरा-अकराचे," मी म्हटलं. "म्हणून तेवीस. एक कमी केला की अकराच्या पाढ्यात."

"आणि एकोणनव्वद?"

"अठ्ठ्याऐंशी. अकरा आठे अठ्ठ्याऐंशी."

"आणि तुमचा मोठा आकडा? तिथं अकराच्या जागी एकतीस."

एकतीस स्वतःच मूळ, म्हणून तिथं फेर मधेच मिटू शकत नाही, पूर्ण एकतीसचाच होतो, एवढं त्यांनी सांगितलं. बाकीचं मी बोलत गेले. ज्या आकड्यानं भाग जाईल, त्यातून एक काढल्यावर तो एकतीसच्या पाढ्यात हवा. शिवाय तो विषम, म्हणजे बासष्टच्या पाढ्यात. बासष्ट आणि एक त्रेसष्ट, तो मूळ नाही, सातनं जातो. मग एकशे पंचवीस, तो पाचनं. एकशे सत्याऐंशी, अकरा सतरे. दोनशे एकोणपन्नास, तीननं.

"तीनशे अकरा!" मी जवळजवळ ओरडलेच.

"हाव! तिथून सुरू करायचं." मॅडमनी टाळी दिली. माझा हात रांगोळीनं पांढरा, त्यांचाही झाला.

मला खूप आनंद झाला होता. आणि त्याच वेळी तो सलतही होता, कारण ज्या बाईवर मी महिनाभर जळत होते तिनं एका दुपारी मला जे दिलं, ते माझ्या माणसानं दीड वर्षात दिलं नव्हतं. आता माझा सतरंजीवरचा राग नेमका कुणावर, हे मला सांगता येईना.

हे आले तेव्हा दोन्ही फेर तसेच होते. सायकल लावताना ह्यांचं लक्ष गेलं.

"हे काय?"

"सर, दुसरा फेर वहिनींनी काढला. मी सांगितला नव्हता."

हे फरशीवर वाकले, आकडे तपासले. बरोबर होते. जेवताना मला म्हणाले, "मॅडमचं तुला कळलं. मला विचारायचं होतंस."

"विचारलं होतं."

त्यांना आठवलं की नाही, माहीत नाही. भाकरी मोडायची थांबले एवढं खरं.

त्यानंतर सतरंजीवर तिघं बसायला लागलो. आणखी एक अट होती, ज्यानं भाग जाईल त्या आकड्याला आठनं भागलं तर बाकी एक किंवा सातच उरली पाहिजे. ती का, हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं, त्या वेळी मात्र मी नुसती मान हलवली. पण त्या दोन अटींनी पावणेपाच हजारांच्या वर असलेले भागाकार ऐंशी-पंच्याऐंशीवर आले. ते आम्ही वाटून घेतले. तीनशे अकरानं मीच भागलं, बाकी पस्तीस उरली. मग तेराशे तीन, बाकी दोनशे सव्वीस. मी भराभर करायची. हे दोनदा तपासायचे आणि मागे पडायचे. मॅडम करताना गुणगुणायच्या. कुठंही भाग गेला नाही. शेवटचा भागाकार ह्यांच्याकडे होता. बाकी उरली तशी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "मूळच आहे."

एवढ्या खटाटोपानं पुस्तकात लिहिलेलंच खरं निघालं होतं. तरी मी उठून तीन कप चहा टाकला.

कॉलेजच्या गणित मंडळात त्याचा कार्यक्रम झाला. मी प्राध्यापकांच्या बायकांबरोबर मागच्या बाकावर बसले होते. आधी हे बोलले, इतकं हळू की पुढच्या दोन रांगांच्या मागे काही पोचलं नसेल. मग मॅडम उठल्या. खडू घेतला आणि फळ्यावर दोन फेर काढले, तेवीसचे. शंभरएक पोरं मान वर करून बघत होती. त्या म्हणाल्या, "भागाकार तिघांनी केले. तिसऱ्या व्यक्तीनं सगळ्यात जास्त केले, आणि त्या मागे बसल्या आहेत." सगळ्यांनी वळून बघितलं. शेजारच्या बाईंनी मला कोपरानं ढोसलं.

मला बरं वाटायला हवं होतं. पण मी त्यांच्या हातातल्या खडूकडे बघत होते. माझा हेवा कुठून निघून कुठे पोचलाय, ते मला त्या बाकावर कळलं. नवऱ्यानं त्यांच्याशी बोलावं न बोलावं, ह्याचं मला आता फारसं काही वाटत नव्हतं. मला तो फळा पाहिजे होता. ती समोरची पोरं पाहिजे होती. महिन्याच्या महिन्याला सही करून पगार घ्यावा, एकटीनं एसटीत बसून गावाला जावं, कुणी विचारलं तर "कॉलेजला आहे" म्हणावं. ते सगळं त्यांच्याकडे होतं आणि त्यांना ते आपलं रोजचंच वाटत होतं.

उन्हाळ्यात त्यांची नेमणूक संपली. नांदेडच्या एका कॉलेजात कायमची जागा मिळाली. ट्रंक आणि पोतं एसटीच्या टपावर चढवून दिलं. खिडकीतून म्हणाल्या, "वहिनी, शिका हो. सर, बघा यांचं." गाडी गेली. त्यांच्या खोलीत जिल्हा परिषदेचा एक कारकून बायकोसकट राहायला आला.

घरी येताना मी ह्यांना सांगितलं, मला बी.ए. करायचंय, गणित घेऊन, बाहेरून. मला वाटलं पुन्हा "हं" येईल. हे म्हणाले, "बीजगणितापासून सुरू करावं लागेल. बारावीचं गणित तुझं राहिलंय."

शिकवणं सोपं गेलं नाही. हे एक पायरी सोडून पुढे जायचे, मी अडायची, हे चिडायचे. एकदा मी म्हटलं, "मॅडमनी हे वेगळं सांगितलं असतं." ह्यांचं तोंड इतकं उतरलं की मी पुन्हा ते वाक्य बोलले नाही, पण पुढच्या वेळी ह्यांनी आपणहून उदाहरण काढलं, हळू, एकेक पायरी, मधे दोनदा मला "कळलं का" विचारत. रोज संध्याकाळी घरात बोलणं व्हायला लागलं. त्यातलं बरंचसं भांडण होतं.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला केंद्र नांदेडला आलं. मी पहिल्यांदा एकटी एसटीत बसले, अहमदपूर, लोहा करत नांदेडला उतरले, आणि मॅडमकडे राहिले. त्यांनी दोन खोल्या घेतल्या होत्या, आणि त्यात दोन मुली राहत होत्या, त्यांच्याच कॉलेजातल्या, खेड्यांतून आलेल्या. एक उमरीकडची. ती स्टोव्हला पिन मारत मारत मॅडमना कसलासा प्रश्न विचारत होती आणि मॅडम कणीक मळता मळता उत्तर देत होत्या. दोघी मॅडमवर हक्कानं ओरडायच्या, त्यांच्या चष्म्याची काच पुसून द्यायच्या, त्यांच्या ताटातलं उचलून खायच्या. मी पाहुणी होते. मला वेगळं ताट, वर वाटीत दही.

मी पेपरच्या आदल्या संध्याकाळी पुस्तक उघडून बसले आणि एक अक्षर वाचू शकले नाही. त्या दोन पोरी आतल्या खोलीत मॅडमशी बोलून हसत होत्या, आणि मला वाटत होतं, ह्या पोरींना काय माहीत, ह्या बाईला मी आधी ओळखते.

पेपर बरे गेले. लातूरच्या स्टँडवर हे घ्यायला आले होते. मी रिक्षात बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं, त्या पोरींचं, ताटाचं, दह्याच्या वाटीचं सुद्धा. हे ऐकता ऐकता हसायला लागले, अंगणात हसले होते तसे, मोठ्यानं. रिक्षावाल्यानं वळून बघितलं.

"आता कळलं तुला?" हे म्हणाले. "तुम्ही दोघी रांगोळी घेऊन बसल्या होतात तेव्हा मला काय झालं होतं?"

"तुम्हाला? कुणाचा हेवा वाटला तुम्हाला? त्यांचा का माझा?"

रिक्षा डाळमिलपाशी वळली. उतरताना हे माझी पिशवी खांद्याला लावत म्हणाले, "दोघींचाही वाटला असेल. पेपरात काय काय आलं होतं ते सांग आधी."